तिसऱ्या मजल्यावरचा समुद्रव्यापार

४ नोव्हेंबर २०२५, नवीन पनवेल

ही दैनंदिनी फक्त कामाची. घरगुती भानगडी हिच्यात येणार नाहीत, असं पहिल्या पानावर लिहून मी खाली सही केली आहे. वसुंधरेने सही पाहिली, "शिक्का राहिला," म्हणाली आणि आत गेली. न्हावा-शेव्याला शिपिंग एजंटकडे अख्खी नोकरी कागदपत्रांत काढल्यावर माणसाला सहीची सवय राहते. बायकोने त्यावर हसू नये.

काम असं. देवेशचा फोन आला होता. त्याचे वडील आणि मी एका ऑफिसात होतो. हा आता अंधेरीला एका सल्लागार कंपनीत आहे. त्यांच्या कुणा परदेशी अशिलाला जाणून घ्यायचं आहे की भारत आणि पाकिस्तान यांच्यातली किनारी जहाजवाहतूक आणि समुद्री व्यापार पुढच्या पाच वर्षांत कुठे जाईल. "काका, तुम्ही एकेकाळी कराची लाइनचे पेपर्स केलेत. तुमच्यासारखा एक्स्पर्ट कुठे मिळणार?" मी 'काय म्हणालास?' विचारून तो शब्द त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतला. फेब्रुवारीअखेर अहवाल द्यायचा आहे.

आजची परिस्थिती सोपी आहे. त्यांचं जहाज आपल्या बंदरात येत नाही, आपलं त्यांच्या बंदरात जात नाही. थेट व्यापार शून्य. शून्याचा अंदाज बांधायला मला चार महिने मिळाले आहेत. वेळ कमी पडू नये.

७ नोव्हेंबर

देवेशने आकड्यांचा ढीग पाठवला. जेवणाचं टेबल खिडकीशी ओढून बसलो. याच टेबलावर पूर्वीने माझ्याकडे पाचवीपासून बारावीपर्यंतचं गणित केलं. कडेला तिने कर्कटकाने कोरलेला काटकोन त्रिकोण अजून आहे.

पूर्वी म्हणजे जगनची मुलगी. नाव आलंच आहे तर एकदा सगळं लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको. आमच्या मजल्यावर तीन घरं. ३०१ आमचं. ३०३ जगन आणि शकूवहिनींचं. ते मूळचे गव्हाणचे, घरचं मिठागर होतं. पुढे जमीन गेली, जगनने ट्रेलर घेतले आणि मी ज्या कंटेनरांचे कागद करायचो ते तो ओढायला लागला. तिथे दोस्ती झाली. फ्लॅटही आम्ही ठरवून एका मजल्यावर घेतले. मधलं ३०२ भाड्याचं. सध्या तिथे समीक्षा नावाची वर्ध्याची मुलगी एकटी राहते. नव्या विमानतळावर नोकरीला आहे.

गेल्या हिवाळ्यात जगनने गच्चीवर जवळा वाळत घातला. दरवर्षीच घालतो. चौथ्या मजल्यावर नवीन आलेल्या कुटुंबाने वासाची तक्रार केली. सोसायटीचा सेक्रेटरी मी. नोटीस काढली : 'गच्चीवर मासळी वाळत घालू नये. सर्व सभासदांनी नोंद घ्यावी.' सर्व सभासदांनी! कुणाचंही नाव नाही. तरी जगन दारात येऊन उभा. "गुरुदत्ता, माज्या घरचा जवला इतकी वरसं खाल्लास, तवा वास नाय आला?" मी म्हणालो, नोटीस सर्वांना आहे. तो म्हणाला, "सर्वांत जवला घालतो कोन?"

तेव्हापासून बोलणं बंद. तो बोलत नाही म्हणून मी बोलत नाही. माझं त्यावाचून काहीही अडलेलं नाही. विषय संपला.

१३ नोव्हेंबर

पद्धत ठरली. आमच्या धंद्यात तिला आरशाची पद्धत म्हणतात. एक देश सांगतो, मी इतका माल पाठवला. दुसरा सांगतो, माझ्याकडे इतका आला. दोन्ही आकडे समोरासमोर ठेवायचे आणि कुठे जुळत नाहीत ते बघायचं. माणूस खोटं बोलेल, कागद खोटं बोलेल, पण माल कुठे तरी उतरावाच लागतो. नजर हवी फक्त. ती माझ्याकडे आहे.

रात्री जेवायला तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. "समीक्षाने दिली," वसुंधरा म्हणाली. थक्क झालो. वर्ध्याची मुलगी, समुद्र बघून हिला वर्ष झालं नसेल, आणि भाकरी अशी पातळ आणि पांढरीशुभ्र की उरण-पनवेलच्या बाईने हातावर थापावी! चटणीत कैरीची सुकी फोडसुद्धा होती. तरुण पिढीला उगाच नावं ठेवतो आपण.

फक्त मीठ कमी. विदर्भात कुठे खाडी आहे? तिला मिठाचा अंदाज कुठून येणार! हे मी बोलून दाखवलं तेव्हा वसुंधरा बराच वेळ पंख्याकडे बघत होती.

२२ नोव्हेंबर

प्रत्यक्ष पाहणी म्हणून पनवेलच्या बाजारात गेलो. एका दुकानात सुरेख खारीक. विचारलं, कुठली? दुकानदार म्हणाला, "दुबईची."

"ही चव दुबईची नाही हो. मी या मालाचे कागद केलेत."

"काका, कागदावर दुबईची आहे. तुम्ही खारीक खा, कागद कशाला खाताय?"

घरी येताना मन उत्साहाने भरून गेलं होतं. हाच अहवालाचा कणा! कराचीहून न्हावा-शेव्याला जहाजाला दोन दिवसही लागत नाहीत. तो रस्ता बंद केला की माल घरी बसतो असं सरकारांना वाटतं. माल बसत नाही. तो लांबून जातो, तिसऱ्या बंदरात उतरतो, कपडे बदलतो, नवीन नाव सांगतो आणि मागच्या दाराने येऊन बसतो. आणि घेणाऱ्याला कुठून आला हे कळत नाही, किंवा कळून घ्यायचं नसतं.

वसुंधरेला हे सगळं समजावून सांगितलं. तिने मन लावून ऐकलं. "घेणारा इतका बावळट असतो?" तिने विचारलं. मी म्हणालो, अगं, सवय होते.

३० नोव्हेंबर

दुपार वाल सोलण्यात गेली. बिरडं करायचं आहे म्हणून वसुंधरेने मोड आलेल्या वालांची परात माझ्यापुढे ठेवली. "विचार करता करता हात चालू द्या." दिवाळीपर्यंत हे काम तीच करायची. निवृत्त माणसाकडे सगळे रिकाम्या गोदामासारखे बघतात.

एक निरीक्षण. घरात माणसं दोन. परातीत वाल निदान पाच माणसांचे. जेवायला बसलो तेव्हा पातेल्यात मात्र दोघांपुरतंच बिरडं. विचारलं तर म्हणाली, "आटलं." वालाचं बिरडं शिजताना आटतं हे मला माहीत नव्हतं.

(जगनला बिरडं फार आवडायचं. सहज आठवलं म्हणून लिहिलं.)

१२ डिसेंबर

जगनच्या पूर्वीचं लग्न ठरलं. मुलगा उलव्याचा, इंजिनिअर. हळद गव्हाणला, २० फेब्रुवारी. ही बातमी मला वसुंधरेकडून कळली, तिला समीक्षाकडून. म्हणजे माझ्या दारापासून एक दार सोडून पलीकडे लग्न ठरतं आणि मला ते विमानतळावरच्या मुलीमार्फत कळतं.

संध्याकाळी लिफ्टमध्ये खुद्द पूर्वी भेटली. मी तळमजल्याचं बटण दाबलं, तिने दरवाजा धरून ठेवला.

"काका, हळदीला येणार ना?"

"घरचं बोलावणं आलं तर येईन. कुणी दारात येऊन सांगायला हवं."

"बाबा म्हणतात, नोटीस त्यानं काढली, हाक पण त्यानंच मारायची."

"नोटीस सर्वांना होती."

तिने कपाळावर हात मारला. "काका, तुम्ही नि बाबांनी असं भांडत मला अपूर्णांक शिकवले असते ना, तर मी अजून पाचवीत असते." मग दरवाजा सोडताना हळूच म्हणाली, "पहिली हळद घरची माणसं लावतात. तुमची जागा मी रिकामी ठेवणार. दुसऱ्या कुणाला उभं नाही करणार."

ही मुलगी माझी कोण? रक्ताचं नातं नाही, जात वेगळी, आडनाव वेगळं. आम्हाला मूल नाही हे कधी जाणवलंच नाही ते हिच्यामुळे. आज जेवण गेलं नाही. अहवालाचं कामही केलं नाही. ही दैनंदिनी कामाची आहे म्हणून इथेच थांबतो.

२६ डिसेंबर

विमानतळ सुरू झाला आहे. समीक्षाच्या पाळ्या वाढल्या. पोर पहाटे जाते आणि अंधार पडल्यावर येते. आणि तरी आज तिच्याकडून वाटीभर मऊ भाताचं खिमट आणि सुक्या बोंबलांचं कालवण! एवढं सगळं ती करते केव्हा? वसुंधरेला म्हटलं, तिच्याकडून तू काहीतरी शिकायला हवंस. तिने माझ्या पुढ्यातली वाटी उचलली आणि थेट आत नेली. बायकांना दुसऱ्या बाईची स्तुती सहन होत नाही.

देवेशचा फोन. "काका, क्लायंटला तीन सिनॅरिओ हवेत. बेस्ट, बेस, वर्स्ट. आणि डायरेक्ट ट्रेड सुरू होण्याची प्रोबॅबिलिटी."

"शून्य."

"एकदम शून्य? पाच वर्षांत?"

"दोन्हीकडची माणसं म्हणतात, आधी त्याने हाक मारावी. अशा ठिकाणी जहाज हलत नाही, देवेश. मी अनुभवाने सांगतोय."

"कराची लाइनचा अनुभव ना?"

मी म्हणालो, हो, कराची लाइनचा.

८ जानेवारी २०२६

डॉक्टरकडे गेलो. रक्तदाब चांगलाच उतरला आहे. मे महिन्यात तो वर गेला तेव्हापासून मी ही गोष्ट घराबाहेर कुणाला सांगितलेली नाही. सेक्रेटरी आजारी आहे म्हटलं की सभासद देखभालखर्च द्यायचे थांबतात. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी केलंत ना, त्याचा गुण. मी नम्रपणे मान हलवली. खरं तर मी काही कमी केलेलं नाही. वसुंधरेने केलंय. लोणचं कपाटात, पापड कपाटात, कपाटाची किल्ली कंबरेला. बाहेरून येणाऱ्या पदार्थांवर माझी सगळी भिस्त, तर समीक्षाही अळणीच करते. सगळ्या जगाने संगनमत केल्यासारखं वाटतं.

समीक्षाशी एकदा मिठाबद्दल बोलायला हवं. हात चांगला आहे पोरीचा, तेवढ्यासाठी कमी पडू नये.

१ फेब्रुवारी

लग्नपत्रिका आली. कशी? समीक्षाने आणून दिली! कामावरून येताना, बॅग खांद्याला, एका हातात हेल्मेट. "काका, ३०३ मधून दिलंय." वर हळदकुंकू लावलेलं, आत 'श्री. व सौ. गुरुदत्त कर्णिक, सहकुटुंब' असं जगनच्याच ठसठशीत अक्षरात. त्याचा 'क' मी कुठेही ओळखतो, ट्रेलरच्या पावत्यांवर आयुष्यभर बघितला आहे.

मी पत्रिका टेबलावर ठेवली आणि वसुंधरेला सांगितलं की हे आमंत्रण मी धरत नाही. शेजारच्या घरातलं आमंत्रण तिसऱ्या घरातून फिरून येतं याला काय अर्थ आहे?

"पत्रिका आली ना? की वाजंत्री पाठवायला हवी होती?"

"तो स्वतः का नाही आला?"

"तुम्ही का नाही गेलात?"

हिला तत्त्वाची गोष्ट समजावणं कठीण आहे. तिने स्वतःसाठी हळदीला नेसायची साडी इस्त्रीला दिली. एकच साडी. माझा सदरा तसाच कपाटात.

९ फेब्रुवारी

अहवाल जवळपास पूर्ण. मुख्य निष्कर्ष : थेट सागरी व्यापार, पाच वर्षे, शून्य. तिसऱ्या बंदरातून होणारा व्यापार चालू राहील. मांडणी भक्कम आहे. वाचून बघितली तर कुठेही चूक नाही आणि तरी बरं वाटेना.

खाली मांडवाचं सामान भरून टेम्पो गव्हाणला निघाला होता. जगन गॅलरीतून ओरडून सूचना देत होता. मध्येच त्याने मान वळवून आमच्या खिडकीकडे पाहिलं. मी पडद्यामागे होतो, त्यामुळे त्याला दिसलो नसेन. तो बराच वेळ पाहत राहिला आणि मग टेम्पोवाल्यालाच कारण नसताना रागावला. टाचा उंचावून उभा राहतो तेव्हा त्याचा डावा गुडघा दुखतो. कुणी तरी त्याला खुर्ची द्यायला हवी होती.

पूर्वीच्या हळदीला मी गेलो नाही तर ती जागा रिकामी राहील. तिने सांगितलं तसंच ती करेल, हट्टी आहे. लोक विचारतील, इथे कोण होतं? मला हे सहन होणार नाही. पण मी आधी बोलणार नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांची बेरीज होत नाही.

१६ फेब्रुवारी

आज जे घडलं ते क्रमाने लिहितो.

समीक्षाची सुट्टी होती. मिठाचं एकदाचं बोलून घ्यावं म्हणून सकाळी ३०२ ची बेल वाजवली. काल तिच्याकडून आलेल्या चटणीचा रिकामा डबा हातात होता. म्हणजे रिकामा नव्हे, वसुंधरेने त्यात दोन रव्याचे लाडू घातले होते. रिकामा डबा परत करायची आमच्याकडे पद्धत नाही.

"या काका, बसा ना." खुर्ची एकच होती. तिथून स्वयंपाकघर सरळ दिसत होतं. मी बोलायला सुरुवात केली. बेटा, तुझ्या हाताला चव आहे, भाकरी तर काय सांगू, फक्त जवळ्यात मीठ...

आणि थांबलो. ओट्यावर शेगडी नव्हती. सिलिंडर नव्हता. परात, पोळपाट, तवा, काही नाही. पाणी तापवायची एक किटली आणि बिस्किटांचा पुडा. ओटा असा कोरा की बिल्डरने कालच चावी दिली असावी.

ज्या घरात शेगडी नाही त्या घरातून मला तीन महिने भाकरी येत होती. आरशाची पद्धत वापरणारा तज्ज्ञ मी.

समीक्षाने माझा चेहरा पाहिला आणि डोक्याला हात लावला. "काका, मी कुठची भाकरी करते? मला मॅगी बी धड जमत नाही. शकूकाकू देतात. नाही तर जगनकाका स्वतः डबा घेऊन येतात अन् म्हणतात, तुझ्या नावानं दे, त्याला बोलू नको."

"जगन?"

"हो ना. अन् मीठ तर तेच कमी करायला लावतात. शकूकाकू चिडतात, म्हणतात मिठागरवाल्याच्या घरात अळणी जवळा कोणी खाल्ला का? तर काका म्हणतात, त्याला बीपी आहे, त्याच्यासाठी वेगळं काढ."

मी तिथेच खुर्चीवर बसून राहिलो. तिने किटलीत चहा केला. अतिशय वाईट होता. मी सगळा प्यायलो.

घरी येऊन वसुंधरेला विचारलं. ती जराही ओशाळली नाही. म्हणाली, "नोटीस लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी शकू आणि मी ठरवलं, पुरुष बोलेनात तर बोलेनात, डबे थांबणार नाहीत." मे महिन्यात मला चक्कर आली त्या दिवशी रिक्षा शोधत ती खाली धावली होती. गाडी जगनने काढायला लावली, त्याच्या ड्रायव्हरला. मला तो ड्रायव्हर टॅक्सीवाला वाटला होता, मी त्याला भाडंही विचारलं होतं.

"आणि बिरडं?"

"आटलं म्हटलं ना."

"किती आटायचं?"

"तीन माणसांचं." मग जरा नरमली. "मला वाटलं होतं आठवड्याभरात ओळखाल. जगातल्या जहाजांचा माल कुठून कुठे जातो ते सांगता."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लपवलं नाही. ही दैनंदिनी कामाची असली तरी लिहितो : वर्षभर मी माझ्या सगळ्यात जवळच्या मित्राशी बोललो नाही, आणि तो माझं मीठ मोजत होता.

१७ फेब्रुवारी

सकाळी सोसायटीच्या फळ्यावरची ती जुनी नोटीस काढली. दुसऱ्या कागदांना टाचण्या हव्या होत्या.

वर येऊन स्वयंपाकघरातली वाटी घेतली. वसुंधरा म्हणाली, "कुठे?"

"मीठ आणायला."

"डबा भरलेला आहे."

"माहीत आहे."

३०३ ची बेल वाजवली. बोलायचं भाषण तयार होतं. त्यात 'उभय बाजूंनी' हा शब्द होता. दार जगनने उघडलं, अंगात बनियन, गळ्यात मोजपट्टी, बहुतेक मांडवाच्या कापडाचं काही चाललं होतं. केस किती पांढरे झालेत त्याचे. त्याने माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. भाषण पार उडालं.

"जगन, थोडं मीठ दे."

मागे शकूवहिनींच्या बांगड्यांचा आवाज थांबला. मग जगन म्हणाला,

"नाय."

"नाही?"

"तुला मीठ नाय भेटनार. सकालची गोली घेतलीस?"

घेतली नव्हती. गडबडीत राहिली होती.

"मंग आदी जा, गोली घे. मंग ये."

"जगन, नोटीस सर्वांना—"

"गोली घे आदी!" इतक्या मोठ्याने की चौथ्या मजल्यावर ऐकू गेलं असावं. आतून शकूवहिनी म्हणाल्या, "अवो, भावजींना आत तरी घ्या, दारात काय उबं करताव?" तो म्हणाला, "त्याला ठाव हाय घर. गोली घेऊन येल."

घरी जाऊन गोळी घेतली. वसुंधरेने पाण्याचा पेला आधीच भरून ठेवला होता. परत गेलो तेव्हा ३०३ चं दार सताड उघडं होतं आणि पूर्वी उंबऱ्यात उभी होती. तिने माझ्या हातातली वाटी घेतली आणि रडायला लागली. जगन तिच्यावर खेकसला, "रडतेस काय, सासरी जायला अजून टाइम हाय."

निघताना शकूवहिनींनी वाटी भरून दिली. साखर.

२१ फेब्रुवारी

काल हळद झाली, लग्न उद्या. माझा सदरा खांद्यापासून खिशापर्यंत पिवळा आहे. ही पानंही. गव्हाणला मांडवात बायका लग्नाची गाणी, धवले, म्हणत होत्या आणि पूर्वीने ठेवलेल्या जागेवर मी उभा होतो. पहिल्यांदा हळद लावताना माझं बोट तिरकं गेलं, तर ती कानाशी म्हणाली, "काका, काटकोनात." समीक्षा पाळी बदलून आली होती. पाहुण्यांना जगन तिची ओळख 'आमची दुबई' अशी करून देत होता आणि तिला का ते कळत नव्हतं. हा शब्द त्याला मी सांगितलेला नाही. वसुंधरेने अहवाल वाचून दाखवला असणार.

जेवायला पंगतीत बसलो. वाढप्याने पानात मीठ वाढलं. जगन मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पाहुण्यांत होता. तिथून लंगडत आला, माझ्या पानातलं मीठ बोटाने पुसून घेतलं आणि शेजारी बसला.

"बिरडं तू सोलतोस ना आता?" त्याने विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? वैनीच्या बिरड्यात टरफल कदी नसतं. दिवालीपासून दाताखाली टरफलं यायला लागली. तवाच शकूला बोललो, गुरुदत्त घरी बसून कंटालला हाय. जरा जवला पाठव."

मी अहवाल लिहीत बसलो होतो, आणि हा एका टरफलावरून माझी सगळी खबर ठेवून होता.

आज सकाळी देवेशचा फोन. "काका, फायनल नंबर द्या ना. डायरेक्ट ट्रेड, प्रोबॅबिलिटी झिरोच ठेवू ना?"

"ते शून्य खोड."

"मग किती लिहू?"

"ते सांगता येत नाही. शून्य नाही, एवढं लिही. आणि लिही की दार उघडलं तरी पहिली खेप बहुधा नाकारली जाईल. त्यावरून कुणी निराश होऊ नये."

देवेशने विचारलं, "काका, याला डेटा काय आहे?"

मी म्हणालो, आहे, पाठवता येण्यासारखा नाही.

गच्चीवर आज पुन्हा जवळा वाळत पडला आहे. चौथ्या मजल्याची लेखी तक्रार माझ्याकडे आली. ती रीतसर नोंदवून घेतली असून पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यात येईल. सभा पावसाळ्यात असते.

वसुंधरेने वाल भिजत घातले आहेत. परवा सोलायला घ्यायचे. या खेपेला टरफलं नीट काढायला हवीत.